चेहऱ्यातल्या करंटसारख्या कळा आणि एमव्हीडी: आईचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६१. सात वर्षांपासून उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात करंट बसल्यासारख्या कळा येतात. दोन दाढा काढून झाल्या, कळा तशाच राहिल्या. कार्बामाझेपिनच्या गोळीने सुरुवातीला छान आराम पडला. आता डोस वाढत गेला आहे, गुंगी येते, चालताना तोल जातो. न्यूरोसर्जनने मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन, म्हणजे एमव्हीडी (नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करण्याचं ऑपरेशन), सुचवलं आहे. 'मेंदूचं ऑपरेशन' म्हटल्यावर घरचे घाबरले आहेत. कुणी गामा नाइफचं, म्हणजे नसेवर किरणांचा नेमका मारा करण्याचं, नाव घेतं, कुणी सुईने नस बधिर करून घ्या म्हणतं. शिवाय मामांचा डावा डोळा सतत फडफडतो आणि आता तोंडाचा कोपराही ओढला जातो, तर त्यांनाही हेच ऑपरेशन लागेल का?

मी न्यूरोसर्जन आहे आणि या आजाराची ऑपरेशनं बरीच वर्षं करत आलो आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही केलेलं वर्णन धरून चाललो तर माझं मत आधीच सांगतो. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या नसेचा आजार, दिसतो. ६१ हे वय या ऑपरेशनला जास्त नाही. आणि गोळ्यांनी तोल जायला लागल्यावर आणखी दोन-तीन वर्षं कशीबशी ढकलण्यात काही हशील नाही. फक्त एका गोष्टीची खातरजमा आधी झालीच पाहिजे, ती म्हणजे निदानाची. योग्य रुग्णात ही शस्त्रक्रिया फार उत्तम काम करते, चुकीच्या रुग्णात काहीच करत नाही. आणि योग्य रुग्ण कोण, हे एमआरआयच्या आधी रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवरून ठरतं.

ती हकिगत एकदा कान देऊन ऐकली की विसरता येत नाही. कळ एकाच बाजूला येते. क्षणभर ते फार तर मिनिट-दोन मिनिटं टिकते, पण त्या वेळात माणूस जागच्या जागी थिजतो. दोन कळांच्या मध्ये काही दुखत नाही. काय केलं की येते, हे रुग्ण नेमकं सांगतो: दात घासताना, तोंड धुताना, पहिला घास घेताना, बोलताना, पावडर लावताना, एसटीच्या खिडकीतून वारा लागला की. बायका गालावर पदर धरून बसतात, पण तो गालाला टेकू देत नाहीत. पुरुषांची एका बाजूची दाढी वाढलेली असते. नाकपुडीजवळ किंवा ओठाच्या कोपऱ्यात एखादी एवढीशी जागा असते, तिथे बोट लागलं की कळ सुटते. झोपेत सहसा त्रास होत नाही. आईंची गोष्ट अशी असेल, आणि कार्बामाझेपिनने सुरुवातीला स्पष्ट फरक पडला असेल, तर निदान जवळपास पक्कं समजा. त्या गोळीने पडलेला आराम हा निदानाचाच एक पुरावा आहे.

याउलट दिवसभर मंद ठणकत राहणारं दुखणं, दोन्ही गालांत पसरणारं, कशाने वाढतं ते सांगता न येणारं, हे वेगळं असतं. गरम-गार लागून तासभर ठणकणारी दाढ ही खरोखर दाढच असते. डोळा लाल होऊन पाणी येतं आणि पाऊण तास डोळ्यामागे भोसकल्यासारखं दुखतं, ती क्लस्टर डोकेदुखी असू शकते. चेहऱ्यावर नागीण होऊन गेल्यावर उरलेली आग हाही निराळा आजार. यांपैकी कशातही एमव्हीडी करू नये. गाल सतत बधिर असेल, त्याच बाजूला ऐकू कमी येत असेल, तर नसेजवळ गाठ आहे का ते पाहावं लागतं. रुग्ण तिशीतला असेल किंवा दोन्ही बाजूंना कळा येत असतील तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण झिजवणाऱ्या आजाराचा, विचार आधी करतात.

आता दाढांबद्दल. २०११ मध्ये सलमान खानने आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं, तेव्हापासून नाव बऱ्याच जणांच्या कानावर आहे, तरी दाढा काढणं काही थांबलेलं नाही. यात दंतवैद्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. चेहऱ्याची ही पाचवी नस तीन फांद्यांनी कपाळ, गाल आणि जबडा सांभाळते, आणि दातांची संवेदनाही तिच्याच खालच्या दोन फांद्यांतून जाते. त्यामुळे कळ दाढेतूनच आल्यासारखी वाटते. रुग्ण बोट दाढेवर ठेवतो आणि 'हीच काढा' म्हणून आग्रह धरतो. दुसरं असं की हा आजार सुरुवातीच्या वर्षांत आपोआप थांबतो आणि काही महिन्यांनी परत येतो. अशा शांत काळाच्या तोंडाशी जो उपाय झाला त्याला श्रेय मिळतं, मग ती दाढ असो, काढा असो नाहीतर अंगारा. महिन्या-दोन महिन्यांनी कळ परतली की शेजारची दाढ. क्ष-किरणात दाढ निरोगी दिसत असेल आणि कळ क्षणभराची असेल, तर पुढची दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

कारण काय, ते पाहू. पाचवी नस मेंदूच्या खोडातून निघते, तिथल्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये तिच्यावरचं मायलिनचं वेष्टण एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतं. ही जागा नाजूक असते. वयानुसार धमन्या लांबतात, वेड्यावाकड्या होतात, आणि एखादीचं वळण नेमकं या जागेवर येऊन टेकतं. बहुतेक वेळा ती सुपीरियर सेरिबेलर धमनी असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटते. वर्षानुवर्षं असं झालं की विजेच्या वायरचं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडावं तसं होतं: स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूंत शिरतो. म्हणून साधा वारा लागला तरी कळ येते.

हे समजायला वैद्यकशास्त्राला बराच वेळ लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले वॉल्टर डँडी कानामागच्या वाटेने ही नस कापण्याची ऑपरेशनं करत. नसेला रक्तवाहिनी चिकटलेली वारंवार दिसते आणि आजाराचं कारण तेच असावं, असं त्यांनी १९३४ मध्ये लिहिलं. क्लीव्हलंडच्या जेम्स गार्डनर यांनी १९५९ मध्ये नस न कापता ती वाहिनी बाजूला करण्याचा अनुभव मांडला. पण खरी दृष्टी दिली ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाने. पीटर जॅनेटा १९६६ मध्ये लॉस एंजेलिसला अजून प्रशिक्षण घेत होते. दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी ते या नसेचं विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली करत, आणि त्याच काळात जिवंत रुग्णात नसेवर बसलेली धमनी त्यांनी पाहिली आणि ती सोडवली. पुढे पिट्सबर्गमध्ये त्यांनी हे तंत्र आयुष्यभर घासूनपुसून उभं केलं. सुरुवातीला कितीतरी वरिष्ठांचा त्यावर विश्वास नव्हता. ज्या चिकाटीने ते आपल्या रुग्णांची माहिती वर्षानुवर्षं ठेवत राहिले, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण आज आईंना सांगता येतील असे आकडे त्यातूनच आले.

ते आकडे असे. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने २० वर्षांत ऑपरेशन केलेल्या ११८५ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर लगेच ८२ टक्क्यांची कळ पूर्ण गेली, आणखी १६ टक्क्यांची बरीच कमी झाली. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा ७० टक्के रुग्ण गोळीशिवाय कळमुक्त होते. त्यांपैकी काहींना त्यासाठी दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं होतं. मृत्यू दोन झाले, म्हणजे ०.२ टक्के. त्या बाजूचं ऐकू येणं गेलं असे सुमारे १ टक्का. हा एका अत्यंत अनुभवी केंद्राचा हिशेब आहे, तो जसाच्या तसा प्रत्येक हॉस्पिटलला लागू होत नाही. म्हणून सर्जनला थेट विचारा: तुम्ही स्वतः ही ऑपरेशनं नियमित करता का, तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना पाच वर्षांनी आराम आहे, किती जणांचा कान गेला? या प्रश्नांवर चिडणाऱ्या डॉक्टरकडे मी माझ्या घरचं माणूस नेणार नाही.

घरच्यांच्या भीतीबद्दल बोलू. 'मेंदूचं ऑपरेशन' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे मेंदू कापण्याचं चित्र येतं. इथे मेंदू कापत नाहीत. पूर्ण भूल देऊन रुग्णाला कुशीवर घेतात. कानामागे थोडेसे केस काढतात आणि साधारण पाच सेंटीमीटरचा छेद घेतात. दोन-तीन सेंटीमीटरची हाडाची खिडकी उघडतात. आतलं आवरण उघडून मेंदूभोवतीचं पाणी हळूहळू वाहू दिलं की लहान मेंदू आपसूक सैल पडतो आणि कवटी व त्याच्यामधल्या फटीतून वाट मिळते. वाटेत एक शीर (धमनी नव्हे, रक्त परत नेणारी व्हेन) आडवी येते, डँडींच्याच नावाने ओळखली जाणारी. ती शक्यतो जपायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली नस दिसते, आणि तिच्यावर धडधडणारी धमनी. मी कितीही वेळा पाहिलं असलं तरी ते दृश्य दिसलं की मन स्थिर होतं, कारण त्या माणसाच्या इतक्या वर्षांच्या यातनांचं कारण समोर असतं. धमनी अलगद मोकळी करायची आणि ती परत नसेवर येऊ नये म्हणून मध्ये टेफ्लॉनच्या तंतूंचा लहानसा बोळा ठेवायचा, किंवा धमनीच उचलून दुसरीकडे टेकवायची.

घाई इथे नडते. एक वाहिनी सापडली म्हणून काम संपत नाही. मेंदूच्या खोडापासून नस कवटीच्या तळाच्या कप्प्यात शिरते तिथपर्यंत सगळ्या बाजूंनी पाहावी लागते, कारण मागे लपलेली दुसरी वाहिनी सुटली की कळ तशीच राहते. आठवी, ऐकण्याची नस जवळच असते. तिच्यावर ताण येतो आहे का हे कळण्यासाठी ऑपरेशनभर कानाचे विद्युत संदेश तपासत राहण्याची सोय हवी. तुमच्या हॉस्पिटलमध्ये ती आहे का, विचारा. शेवटी आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवणं आणि कानामागच्या हाडातले हवेचे कप्पे मेणाने बुजवणं, हे कंटाळवाणं वाटणारं कामही तितकंच महत्त्वाचं. तिथे हयगय झाली की मेंदूतलं पाणी नाकावाटे गळायला लागतं.

एमआरआय साधा चालत नाही. नसा आणि वाहिन्या बारकाईने दाखवणारा फिएस्टा किंवा सिस नावाचा पातळ छेदांचा प्रकार लागतो. त्यातून गाठ नाही ना हे कळतं, आणि धमनी नसेला नुसती टेकली आहे की नस वाकवून बारीक केली आहे हेही दिसतं. नस वाकलेली असेल तर निकाल चांगला लागण्याची शक्यता वाढते. पण नुसता स्पर्श कधीच न दुखणाऱ्या माणसांतही सापडतो. 'रिपोर्टमध्ये नस दबलेली आहे' एवढ्यावर ऑपरेशन ठरवू नका, आणि हकिगत अगदी नमुनेदार असताना रिपोर्टमध्ये काही दिसत नाही म्हणून निराशही होऊ नका. आत धमनी सापडलीच नाही किंवा फक्त शीर सापडली तर काय करणार, हे मात्र सर्जनशी आधी बोलून ठेवा. अशा वेळी काही जण नसेचे तंतू लांबीच्या दिशेने अलग करतात, काही जण नसेचा थोडा भाग कापतात, आणि त्यानंतर गाल बधिर होऊ शकतो. याला आईंची संमती आधी हवी.

गामा नाइफ आणि सुईचे उपाय वाईट नाहीत. पण एक मूलभूत फरक लक्षात घ्या: एमव्हीडी नसेवरचं ओझं काढते, बाकीचे सगळे उपाय नसेला मोजून इजा करून कळ थांबवतात. सुई गालातून कवटीच्या तळाच्या छिद्रात नेऊन नसेची गाठ (ट्यूमर नव्हे, नसेच्याच पेशींचा पुंजका) उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने निकामी करतात. आराम लगेच पडतो, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं, पण गालाला बधिरपणा येतो आणि काही वर्षांत कळ परतण्याचं प्रमाण जास्त असतं. कपाळाच्या फांदीला इजा झाली तर बुबुळाची संवेदना जाते, मग डोळ्यात गेलेला कचराही कळत नाही. क्वचित बधिर झालेला गालच अहोरात्र जळत राहतो, आणि ते दुखणं मूळ आजारापेक्षा अवघड. गामा नाइफमध्ये चिरफाड नाही, मात्र आराम पडायला काही आठवडे ते काही महिने लागतात. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुसं भूल सोसणार नाहीत, ज्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, किंवा ज्यांना मोठं ऑपरेशन नकोच आहे, त्यांना मी आनंदाने हे उपाय सुचवतो. आईंचं हृदय ठीक असेल, साखर आणि रक्तदाब आटोक्यात असेल, तर माझी पहिली पसंती एमव्हीडी. सत्तरी ओलांडलेल्या ठणठणीत माणसांतही ती करतात. वयाच्या आकड्यापेक्षा तब्येत पाहायची.

धोके झाकून ठेवणार नाही. त्या बाजूचा कान जाणं, चेहरा बधिर होणं, काही दिवस एकाचे दोन दिसणं, पाणी गळणं, जंतुसंसर्ग हे होऊ शकतं. लहान मेंदूत रक्तस्राव किंवा सूज येणं, पक्षाघात, मृत्यू हे फार क्वचित, पण शून्य नाही. म्हणूनच पहिली रात्र आयसीयूत काढतात. बहुतेक रुग्ण शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा हात गालाला लावून बघतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस डोकेदुखी, मळमळ आणि मान आखडणं यांचे असतात, ते अपेक्षित आहे. ओठावर पुळ्याही उठतात कधीकधी. साधारण चार-पाच दिवसांत घरी, महिनाभर जड उचलणं आणि बद्धकोष्ठ टाळायचं. गोळ्या त्याच दिवशी बंद करत नाहीत, काही आठवड्यांत उतरवतात. घरी आल्यावर वाकलं की नाकातून पाण्यासारखं गळलं, घशात खारट उतरलं, किंवा ताप येऊन मान ताठ झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मामांचं वेगळं आहे. साधं डोळा लवणं चार दिवसांत थांबतं. पापणीपासून सुरू होऊन महिन्या-वर्षांत गालाकडे आणि तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारी, झोपेतही न थांबणारी फडफड म्हणजे हेमिफेशियल स्पॅझम. इथे वाहिनी सातव्या, चेहऱ्याच्या हालचालीच्या नसेवर टेकलेली असते. अनेकांना ही लकव्याची सुरुवात वाटते, तशी ती नाही. हा आजार दुखत नाही, जिवावर बेतत नाही. पण वाचताना, गाडी चालवताना डोळा मिटतो आणि माणूस चारचौघांत जायचं टाळतो. बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणारी, इंजेक्शनं तीन-चार महिने काम करतात, मग परत घ्यावी लागतात. कायमचा उपाय एमव्हीडी, आणि साधारण दहापैकी नऊ जणांची फडफड त्याने जाते, कधी लगेच, कधी काही महिन्यांत हळूहळू. पण ऐकण्याची नस इथे सातवीला अगदी खेटून असते, त्यामुळे कान जाण्याचा धोका आईंच्या ऑपरेशनपेक्षा थोडा जास्त. मामांनी आधी बोटॉक्स घेऊन पाहावं, वर्षभरात कंटाळा आला तर ऑपरेशनचं बोलावं, असं मी म्हणेन. नवव्या नसेचाही असाच आजार असतो, त्यात गिळताना घशात आणि कानात कळ येते. तो दुर्मीळ आहे, पण कळेबरोबर नाडी मंदावून माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून असं कुणाला होत असेल तर थांबू नये.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत चार गोष्टी पाळा. कार्बामाझेपिन एकदम बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. गुंगी आणि तोल जाणं नुसत्या डोसमुळे असेलच असं नाही, या गोळीने रक्तातलं सोडियम उतरतं, वयस्कर बायकांमध्ये तर सर्रास. ते या आठवड्यात तपासून घ्या, सोबत रक्तपेशी आणि यकृताच्या चाचण्याही. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना यादी दाखवा, कारण कार्बामाझेपिनमुळे त्यांतल्या काहींचा असर कमी होतो. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर मात्र गोळी पुढे न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कळांमुळे आईंना पाणीसुद्धा पिता येईना, तर घरी वाट पाहू नका. भरती करून शिरेतून औषध देता येतं आणि एक-दोन दिवसांत तीव्रता उतरते. आणि 'आता जगणं नको' असं त्या बोलल्या तर ते त्राग्याने बोलल्या असं समजून सोडून देऊ नका. त्यांना एकटं ठेवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा, आणि ऑपरेशनची तारीख अलीकडे घेता येईल का ते विचारा.